सोळा आण्यांची विहीर आणि माझा बुडालेला दिवस

दोन_आणे (प्रश्न)

नमस्कार. मी देवळा तालुक्यातली. प्रश्न आमच्या भाऊबंदकीतल्या सामाईक विहिरीच्या पाळीचा आहे. भांडण झालेलं नाही, पण होईल अशी वेळ आलीय, म्हणून आधी इथे विचारते.

आजेसासरे चौघं भाऊ. चौघांनी मिळून विहीर खोदली, ४५ फूट खोल, २२ फूट रुंद. प्रत्येकाचे चार आणे. आज त्या सोळा आण्यांचं असं झालंय: नानांचे, म्हणजे चुलत सासऱ्यांचे, स्वतःचे चार आणि मुंबईला गिरणीत गेलेल्या घराकडून विकत घेतलेले चार, असे आठ. तात्यांचे चार. आमच्या घराचे चार, त्यातले दोन थोरल्या दिरांचे, दोन माझे. मालक जाऊन तीन वर्षं झाली. वारसनोंद केलीय, सातबारावर माझं नाव आहे, त्याबद्दल काही अडचण नाही.

फेरी आठ दिवसांची. नानांचे लागोपाठ चार दिवस, मग तात्यांचे दोन, मग दिरांचा एक, शेवटचा माझा. कागदावर पै-पैचा हिशेब बरोबर आहे. मीही इतकी वर्षं तेच म्हणत होते.

या फेब्रुवारीत माझ्या पाळीच्या आदल्या संध्याकाळी डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. बदलून यायला तीन दिवस लागले. त्यात माझा एक दिवस गेला आणि नानांचे पहिले दोन. नानांना उरलेले दोन मिळाले, त्यांचं भागलं. मला पुढची पाळी आठ दिवसांनी. म्हणजे दोन पाण्यांत सोळा दिवसांचं अंतर, आणि तेही कांदा पोसायच्या वेळेला. नाना शेजारच्या वाफ्यात पाणी धरत होते आणि मी माझ्या वाफ्याला पडलेल्या भेगा बघत उभी. मी म्हटलं, नाना, अर्धा दिवस द्या. ते म्हणाले, "पोरी, पाळी म्हणजे पाळी. आज तुला सोडली तर उद्या जो तो डीपीचं नाव सांगेल." काढणीला माझ्या रानात निम्मी गोल्टी, म्हणजे बारका कांदा, निघाली.

नाना वाईट माणूस नाही. मालक गेले त्या वर्षी त्यांनी माझं रान फुकट नांगरून दिलं होतं. म्हणूनच कोर्टबिर्ट नको आहे.

आणखी एक. नानांनी प्लास्टिक अंथरलेलं शेततळं केलंय. डिसेंबर-जानेवारीत त्यांच्या चार दिवसांत गरज असो-नसो मोटर चालू, पाणी तळ्यात. त्यांच्याच दिवसातलं पाणी आहे, बोलणार काय?

लागवड सांगते: नानांचा पाच एकर उन्हाळ कांदा, वर दीड एकर डाळिंब. तात्यांचा दोन एकर कांदा, दिरांचा एक, माझा एक. फेब्रुवारीत विहिरीला दिवस-रात्र मिळून बारा फूट पाणी येतं, मार्चमध्ये त्याच्याही खाली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे घरी असतात, सालदारांचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यांचे) व्यवहारही तेव्हाच ठरतात. तिथे विषय काढायचा आहे. दुसरीकडे लोक पाणी कसं वाटून घेतात? आणि माझा बुडालेला दिवस नक्की कुणाच्या खात्यावर?

---

कोर्टाची_पायरी

ताई, नको म्हणालात तरी दोन ओळी लिहितो, उपयोगी पडतील. सातबाऱ्यावर 'इतर हक्कात' विहिरीचा हिस्सा आणि पाळी लिहिलेली आहे का ते आधी बघा. नुसतं जमिनीला नाव असून भागत नाही. कुणी पाट फोडला, पाणी अडवलं तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, पण सहा महिन्यांच्या आत. तुमच्या बाबतीत मात्र कुणी अडवलेलंच नाही. डीपी जळाला. त्याला कलम नाही. आखाजीच बरी.

---

पांझराकाठ

ताई, तुम्ही देवळ्याच्या आणि विचारता दुसरीकडे काय करतात! तुमच्या शेजारी बागलाणात मोसम आणि आरम, आणि आमच्याकडे साक्रीला पांझरा. या नद्यांवर पाणी वाटून घ्यायचे फड होते, काही अजून आहेत. तीनचारशे वर्षांची रीत. माझे आजोबा फडावर पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारे, होते म्हणून घरात ऐकलेलं सांगतो.

नदीत बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखाली भिजणारं सगळं रान म्हणजे थळ. थळाचे बहुतेक ठिकाणी चार फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक: एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी, असं आलटून-पालटून. आता खरी गंमत ऐका. माणसाची जमीन एका जागी नसायची, तुकडे सगळ्या फडांत पसरलेले. पाऊस कमी झाला की पंच बसून ठरवायचे, यंदा दोनच फड भिजवायचे. मग कोरड्या फडात पाटलाचाही तुकडा कोरडा आणि दोन बिघेवाल्याचाही. तुटीला घर नव्हतं, ती सगळ्यांच्या घरी थोडी थोडी जायची. तुमच्या विहिरीवर तूट एकाच घरी मुक्कामाला येते, शेवटच्या पाळीवाल्याच्या.

पाणी सोडायचा हक्क शेतकऱ्याला नव्हता. पाटकरी सोडणार, त्याच्यावर हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या. त्यांना दाण्यात मेहनताना. आजोबा म्हणायचे, पाटकरी पाहुणचार घ्यायला कुणाच्या ओट्यावर बसला तर दुसऱ्या दिवशी चर्चा.

सगळं सोन्याचं होतं असं नाही. जागल्या रात्रभर ज्या उसाची राखण करायचा त्या थळात त्याचं स्वतःचं बोटभर रान नसायचं. आणि पुढे ज्याने त्याने आपापली विहीर पाडली, इंजिनं बसली, वर लाटीपाड्याला धरण झालं, मग पंचांचं कोण ऐकतो.

तुम्हाला फड करता येणार नाही, जमिनी आता कोण एकत्र करतो. पण एक गोष्ट करता येईल. लाईट नाही तो दिवस फेरीत धरायचाच नाही. फेरी तिथे थांबली, लाईट आली की तिथून पुढे. मग बुडालेला दिवस एकट्या तुमचा उरत नाही, सगळेच एक दिवस मागे जातात. नानांनाही पटेल, त्यांचेही दोन गेले होते ना!

---

सासवडचं_अंजीर

आमच्या पुरंदरचं उदाहरण द्यायलाच हवं. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे पुण्याहून इकडे आले. कारखानदार इंजिनिअर माणूस. नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळजमीन खंडाने घेऊन त्यांनी आधी तिथे करून दाखवलं, मग पाणी पंचायत. तिचे नियम ऐकताना आजही माणूस सावरून बसतो.

पाणी जमिनीवर नाही, माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि घराला जास्तीत जास्त अडीच एकर. मग तुमची जमीन वीस एकर असू दे. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही, म्हणजे नाही. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी घालायचा. आणि जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नाही, हक्क गटाकडे परत. म्हणजे तुमच्या नानांनी विकत घेतलेले चार आणे आमच्याकडे त्यांना मिळालेच नसते.

पण प्रामाणिकपणे सांगतो, हे आखाजीला जाऊन मांडू नका. पाणी पंचायतीत लोक पाणी येण्याआधी नियमाला राजी झाले होते. तुमच्याकडे पाणी आधी आहे, आणे पिढीजात आहेत. ज्याच्याकडे आठ आणे आहेत तो माणशी मोजायला का बसेल? शिवाय आमच्याही सगळ्या योजना टिकल्या नाहीत. विजेचं बिल आलं की समता जरा दमते.

सांगलीकडे येरळेवर बळीराजा धरण झालं. लोकांनी नदीतली वाळू विकून पैसा उभा केला आणि पाणी भूमिहीनासकट सगळ्यांना सारखं, असं ठरवलं. तेही धरणाआधीच ठरवलं होतं, हे लक्षात घ्या.

---

शाखा_अभियंता_निवृत्त

वाटणीवर चर्चा चाललीय. आधी बेरीज कुणी केली का? ताईंनी आकडे दिलेत म्हणून करतो.

२२ फूट व्यास म्हणजे एका फुटात ३८० घनफूट, साधारण पावणेअकरा हजार लिटर. दिवसाला १२ फूट, म्हणजे एक लाख २९ हजार लिटर. आठ दिवसांची फेरी, सव्वादहा लाख. कांद्याला वाफे भरून दोन इंच पाणी दिलं तर एकराला दोन लाख लिटर लागतात. म्हणजे ही विहीर एका फेरीत पाच एकर कांदा भिजवते. तुम्ही चौघांनी मिळून लावलाय नऊ एकर, डाळिंब वेगळं.

ताई, तुमच्या एका दिवसात २५ गुंठे भिजतात, एकर नाही. दिवस बुडाला नसता तरी पंधरा गुंठे तहानलेच असते.

हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पीक त्यानंतर ठरतं. तिथे सिंचनासाठी बोअरला बंदी आहे. ते गाव मोठं, तुमची विहीर लहान, पण काम तेच: दसऱ्याच्या सुमारास विहिरीत टेप सोडा आणि लागवड किती ते त्यावर ठरवा. आण्याच्या प्रमाणात पाच एकराचे भाग पाडले तर नानांना अडीच एकर, तात्यांना सव्वा, तुम्हा दोघांना पंचवीस-पंचवीस गुंठे. नानांना हे झोंबेल, कारण पाचाचे अडीच होतात. ठिबक केलं तर क्षेत्र वाढेल, पण ते खर्चाचं गणित वेगळं.

बाकी तुमचं भांडण नवं नाही. वर नाशिक-नगर, खाली मराठवाडा. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल तर वरच्या धरणांतून सोडायचं हे २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशाने ठरलं, त्यावर हायकोर्ट झालं, आणि तरी कोरड्या वर्षी दरवेळी आरडाओरडा होतोच. तिथे निदान मोजपट्टी आहे. तुमच्याकडे मोजतात दिवस, आणि भिजतं पाण्याने.

---

दोन_आणे

सगळ्यांचे आभार. अभियंता साहेब, तुमची २५ गुंठ्यांची ओळ मी तीनदा वाचली. दर फेरीला माझे काही वाफे सुटतात, आणि मी समजत होते माझ्या हाताला उरक नाही. रात्रीची लाईट असली की दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायची, पोरगा नाशिकला शिकायला, मग एक वाफा फुटला की तो बांधेस्तोवर दुसरा. वाटायचं, माणूस असता तर पुरलं असतं.

पांझराकाठ, तुमचं "फेरी थांबली" हे मी मांडणार. माणशी अर्धा एकर मी मांडणार नाही. माझ्या घरी माणसं दोनच, तात्यांच्या घरी नऊ. मोजायला बसलं तर माझे दोन आणेही जातील! हे लिहिताना हसू आलं, पण खरं आहे.

---

ढोल्या_गणपती

एक विचारू? सोळा आणे तुम्ही चार घरांत पूर्ण वाटले. त्या विहिरीवर दुसरं कुणीच पाणी भरत नाही का?

---

दोन_आणे

भरतं. विहिरीच्या वरच्या अंगाला भिल्ल समाजाची सहा घरं आहेत. फेब्रुवारीनंतर त्यांचा हापसा आटतो, मग बाया आमच्या विहिरीवर येतात. दोन घरची माणसं आमच्याकडेच कामाला असतात, नानांचा सालदार तिथलाच. विहीर खोल केली तेव्हा सुरुंगाची भोकं त्याच्या वडिलांनी मारलेली, हे मालकच सांगायचे.

मी प्रश्न लिहिताना त्यांची आठवण झाली नाही. तुम्ही विचारलं म्हणून झाली. त्यांना कुणी हटकत नाही, पण संध्याकाळी मोटर बंद होते तेव्हा तळाला गढूळ पाणी उरलेलं असतं. बाया झरा भरेपर्यंत कठड्याला टेकून बसतात. मी तिथून जाते-येते, बोलते, आणि मला ती पाळीतली गोष्ट वाटली नव्हती.

---

शाखा_अभियंता_निवृत्त

सहा घरं, घरी दहा हंडे, हंडा पंधरा लिटर. ९०० लिटर. तुमच्या विहिरीतलं एक इंच.

प्रश्न किती पाण्याचा नाहीच, कधीच्या पाण्याचा आहे. फुटवॉल, म्हणजे मोटरच्या पाईपच्या खालच्या तोंडाची झडप, तीन फूट वर उचला. खालचं पाणी मोटरला लागणारच नाही, राखण करायला कुणी नको. आणि नाना म्हणतील तीन फूट गेले, तर सांगा, रोज जात नाहीत, एकदाच जातात. एकदा भरून राहिले की वरचा झरा तेवढाच मिळतो.

---

दोन_आणे

आखाजी झाली. काय झालं ते कळवते.

जेवणं झाल्यावर ओट्यावर विषय काढला. माझ्याकडे वहीचं पान होतं, त्यावर अभियंता साहेबांचा हिशेब. नाना म्हणाले, २२ फूट कोण म्हणतं? उठले, टेप घेतली, तात्यांना एका कडेला उभं केलं आणि भर उन्हात विहीर मोजली. एका बाजूने २२ भरली, दुसऱ्या बाजूने २१. नाना म्हणाले, "बघ, तुझा हिशेब चुकला." मी म्हटलं, चुकला, म्हणजे पाणी आणखीच कमी. तात्यांना हसू आवरेना. नाना हसले नाहीत, पण मागे फिरून पान मागून घेतलं आणि चष्मा लावून वाचलं.

फुटवॉलला (आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात) कुणी हरकत घेतली नाही. तात्या म्हणाले गाळ ओढून मोटरचा पंखा तसाही दोनदा गेलाय. मोटर आतल्या टप्प्यावर बसवलेली आहे, त्यामुळे पाईप कापायला अर्धा तास लागला. नानांचा सालदारच उतरला होता. वर आल्यावर त्याने फक्त विचारलं, खालचं पाणी कशाला ठेवलं. मी सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि पान्हा धुवायला गेला.

लाईट नसलेला दिवस फेरीत धरायचा नाही, हे ठरलं. नानांनी एक अट घातली: अर्ध्या दिवसाच्या आत लाईट आली तर दिवस धरायचा, नाहीतर रोज वाद. ती मला मान्य आहे. हिशेब मोटरीच्या खोलीत कॅलेंडरवर लिहायचा, आणि लिहायचा मी, कारण बाकीच्यांचं अक्षर त्यांनाच लागत नाही.

शेततळ्यावर काही झालं नाही. नाना म्हणाले, माझ्या दिवसाचं पाणी मी तळ्यात घालीन नाहीतर डोक्यावर ओतीन. दीर त्यांच्याच बाजूने बोलले, ते पुढच्या वर्षी तळं करणार आहेत, मग मी एकटी पडले. पाच एकराच्या लागवडीचा विषय तर "दसऱ्याला बघू" वर थांबला. नानांचे चार दिवस दोन-दोन करून तोडावेत असंही मी म्हटलं होतं, ते कुणी ऐकल्यासारखंच केलं नाही. ते पान नानांनी परत दिलेलं नाही, एवढं मात्र खरं.

परवा वारा सुटला, तारा तुटल्या. नानांची पाळी होती. संध्याकाळी ते स्वतः दारात आले, चप्पलही काढली नाही. "दोन दिवस लाईट येत नाही म्हणतात. लिहून ठेव." मी लिहिलं. माझ्या चाऱ्याच्या मक्याची पाळी शुक्रवारची होती, ती आता रविवारी गेली.